बाबांचा ट्रॅकर सारखा ऑफलाइन जातोय, तर आधी काय बघायचं

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसासाठी जीपीएस ट्रॅकर किंवा फोनवरचं लोकेशन शेअरिंग लावलं की पहिले काही दिवस छान जातात, मग एक दिवस ॲपवर "ऑफलाइन" किंवा "शेवटचं अपडेट ३ तासांपूर्वी" असं दिसायला लागतं, आपण रिस्टार्ट करतो, चालू होतं, आणि चार दिवसांनी परत तेच. आमच्याकडे परळला बाबांसाठी हे सगळं लावलेलं आहे आणि ओळखीतल्या काही घरांत, दादर, मुलुंड, डोंबिवली, मी बसून सेट करून दिलंय, तर सगळीकडे शेवटी एकच प्रश्न येतो की हे यंत्रच भंगार आहे का, दुसरं घेऊ का. लगेच घेऊ नका. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं, गडबड चार्जिंग, सिम, फोनच्या सेटिंग नाहीतर खिशात असते, आणि नक्की कुठे आहे ते ॲपवरूनच कळतं.

बंद पडलं की रिस्टार्ट मारायच्या आधी दोन गोष्टी लिहून ठेवा, शेवटचं अपडेट किती वाजताचं आहे आणि ठिपका कुठे थांबलाय. बस्स एवढंच, पण आठवडाभर लिहा, फ्रिजवर कागद लावा, घरातल्या प्रत्येकाने लिहा. कारण "ऑफलाइन" हा एकच मेसेज चार-पाच वेगवेगळ्या बिघाडांना येतो आणि वेळ आणि जागा एकत्र बघितल्याशिवाय कुठला बिघाड ते कळत नाही. रोज साधारण एकाच वेळेला बंद पडतंय तर चार्जिंग. महिन्यातून एकदाच, ठरावीक तारखेच्या आसपास, तर रिचार्ज. एका ठरावीक भागातच बंद पडतंय तर नेटवर्क. घरात बसलेले असताना बंद आणि खाली उतरून गेटबाहेर गेले की पाच मिनिटांत चालू, तर तो बिघाडच नाही, हालचाल नसली की बॅटरी वाचवायला बरेच ट्रॅकर झोपतात. आणि सगळ्यात वाईट केस म्हणजे अपडेट एकदम ताजं, हिरवा ठिपका घरात, बॅटरी ८० टक्के, आणि माणूस घरात नाही. ॲपच्या हिशोबाने सगळं व्यवस्थित आहे कारण यंत्र बेसिनवर पडलंय.

चार्जिंगपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त तिथेच सापडतं. सिमवाली घड्याळं साधारण एक-दीड दिवस चालतात, खिशातले ट्रॅकर थोडे जास्त, आणि अपडेट दर मिनिटाला ठेवलं असेल तर त्याहून बरंच कमी. आता आपल्या घरातला चार्जिंगचा बोर्ड आठवा, एक सॉकेट, त्याला एक बटण, त्यात कोणीतरी आपला फोन लावतं, झाला की पिन काढतं आणि सवयीने बटण बंद करतं, रात्री झोपताना "सगळी बटणं बंद केली का" म्हणून कोणीतरी एक फेरी मारतं, सकाळी झाडू मारताना वायर बाजूला होते. ट्रॅकर रात्रभर चार्जरवर असतो आणि सकाळी १५ टक्के. याच्यावर उपाय म्हणजे ट्रॅकरला स्वतःचं वेगळं सॉकेट, बटणावर रंगीत टेप आणि "बाबा, बंद करू नये" असं लिहिलेलं. आणि रात्रीपेक्षा आंघोळीच्या वेळेला चार्ज करणं बरं, कारण डिमेन्शियात रात्री उठून दाराकडे जाणं खूप कॉमन आहे आणि नेमकं तेव्हा यंत्र भिंतीला लावलेलं असतं. आंघोळ, देवपूजा, चहा-पोहे या तासाभरात बऱ्यापैकी चार्ज होतं, उरलेलं दुपारी ते टीव्हीसमोर असताना.

घड्याळ चार्ज होतच नाही असं वाटत असेल तर उलटं करून मागच्या दोन पिना नीट बघा. मुंबईचा घाम आणि त्यावर जून ते सप्टेंबरचा दमटपणा, त्या पिनांवर पांढरट नाहीतर हिरवट थर चढतो, मॅग्नेटवाला चार्जर चिकटतो बरोबर, लाइटही एकदा लुकलुकते, पण करंट जात नाही. केमिस्टकडे स्पिरिट मिळतं ते कापसाच्या बोळ्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग लावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा करा. दुरुस्तीला घेऊन जाण्याआधी हे नक्की करून बघा.

आता सिम. स्वस्तातले बरेच ट्रॅकर अजून २जीवरचे असतात, आणि जिओचं २जी नेटवर्कच नाहीये, त्यामुळे त्यात जिओचं सिम टाकलं तर ते कधीच चालणार नाही, कितीही वेळा काढून घाला. घेताना बॉक्सवर ४जी लिहिलंय का ते बघा, २जी असेल तर ज्यांचं २जी चालू आहे अशा कंपनीचं सिम लागेल. सिम बदललं की एपीएन, म्हणजे त्या कंपनीच्या इंटरनेटला जोडायची सेटिंग, पण बदलावं लागतं, ती सेटिंग बहुतेक ट्रॅकरमध्ये एसएमएस पाठवून करतात, कागदावर दिलेली असते, तो कागद फेकू नका, फोटो काढून ठेवा. काही ट्रॅकर कंपनीच्याच एम टू एम (फक्त यंत्रांसाठीच्या) सिमसकट येतात, त्यांचे नंबर १३ आकडी असतात, त्यांचं रिचार्ज नेहमीच्या ॲपमधून होत नाही, कंपनीकडूनच करावं लागतं आणि वर्ष संपलं की गुपचूप बंद पडतं. साधं सिम असेल तर पॅक संपल्याचा मेसेज ट्रॅकरमधल्याच सिमवर येतो, तो वाचणार कोण? म्हणून पॅकची तारीख घरातल्या दोघांच्या कॅलेंडरला टाका आणि जमलं तर मोठ्या मुदतीचाच पॅक मारा.

वेगळा ट्रॅकर नाही आणि त्यांच्या साध्या ॲन्ड्रॉइड फोनवरच गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग चालू केलंय, तर तिथे दुखणं वेगळं. फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपला जाऊन बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करायची, लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना" नाही तर "कायम" द्यायची, आणि तिथेच खाली "वापरात नसेल तर ॲप थांबवा" अशा अर्थाचं एक बटण असतं ते बंद करायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण बाबा काय ते ॲप कधी उघडत नाहीत, मग फोनला वाटतं हे कोणी वापरतच नाही, आणि काही महिन्यांनी परवानगी आपोआप काढून घेतो. इतके दिवस चालणारं अचानक का बंद पडलं याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. काही फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" म्हणून अजून एक वेगळं बटण असतं, ते चालू नसेल तर फोन एकदा बंद होऊन सुरू झाला की ॲप उठतच नाही. फोनचं मोठं अपडेट आल्यावर हे सगळं परत एकदा बघायचं. बॅटरी सेव्हर २० टक्क्यांना आपोआप लागत असेल तर तेही काढा. शिवाय वरून खाली ओढायचं जे पॅनल असतं त्यात अंगठा लागून मोबाइल डेटा बंद होतो नाहीतर फ्लाइट मोड लागतो, थरथरणाऱ्या हातांना हे रोजचंच आहे, तर स्क्रीन लॉक असताना ते पॅनल उघडू नये अशी सेटिंग बऱ्याच फोनमध्ये मिळते, ती शोधून लावा.

बिघाड वाटतो पण नसतो असं एक प्रकरण म्हणजे उडणारा ठिपका. बाबा घरात झोपलेत आणि ॲप म्हणतंय ते दोन गल्ल्या सोडून नाक्यावर आहेत. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं, पण घरात सिग्नल नीट येत नाही आणि परळ-लालबागला जिथे चाळीला लागूनच ४० मजली टॉवर उभा आहे तिथे सिग्नल काचांवर आपटून फिरून येतो आणि हिशोब चुकतो. जीपीएस मिळालंच नाही तर यंत्र मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं, तो अंदाज शेकडो मीटर, कधी किलोमीटरभर सुद्धा इकडेतिकडे असतो. ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसतं ना ते बघा, माणूस त्या वर्तुळात कुठेही असू शकतो, वर्तुळ मोठं असेल तर ठिपक्यावर विश्वास ठेवून धावू नका. भुयारी मेट्रो ३ ला तर जीपीएस मिळणारच नाही, ठिपका स्टेशनच्या दाराशी येऊन गोठला तर माणूस खाली उतरलाय असं समजा आणि आरे आणि कफ परेड अशा दोन्ही दिशांचा विचार करा.

याच उडणाऱ्या ठिपक्यामुळे सगळ्यात मोठं नुकसान होतं ते अलर्टचं. घराभोवती ५० मीटरचं वर्तुळ आखून ठेवलं तर रात्री दोनला, पहाटे चारला "बाबा हद्दीबाहेर गेले" असे अलर्ट येत राहतात, सगळे दचकून उठतात, बाबा घोरत असतात, आणि आठवड्याभरात प्रत्येक जण आपापल्या फोनवर नोटिफिकेशन म्यूट करतो. कोणी कोणाला सांगत नाही. मग ज्या दिवशी खरंच जातात त्या दिवशीचा अलर्ट पण म्यूट. त्यामुळे "अलर्ट येतच नाही" अशी तक्रार असेल तर ट्रॅकरच्या आधी घरातल्या प्रत्येकाचा फोन हातात घेऊन नोटिफिकेशन चालू आहे का ते बघा. वर्तुळ १५० ते २०० मीटर करा, ॲपमध्ये सोय असेल तर "३ मिनिटं बाहेर राहिल्यावरच कळव" असं लावा, घरचं वायफाय ओळखून घर समजायची सोय असेल तर ती चालू करा. आणि पहिला अलर्ट एकालाच जाऊ दे, जो त्या वेळी घराच्या जवळ असतो त्याला. माझा भाऊ पुण्यात आहे, तो तिकडून काळजीने फोन करतो, आपण त्याला समजावत बसतो आणि तेवढी मिनिटं शोधण्यातून जातात, म्हणून आमच्याकडे ठरलंय की अलर्ट आला की मी खाली उतरायचं आणि फोन सगळे त्याने करायचे, वॉचमन, शेजारी, रिक्षा स्टँड.

यंत्र घरी राहतं त्याबद्दल. हे सेटिंगने सुटत नाही आणि दुकानातला माणूस याबद्दल काही बोलत नाही. गळ्यात काहीतरी नवीन अडकवलं, मनगटाला अनोळखी घड्याळ बांधलं, की ते काढून ठेवतात, उशीखाली, डब्यात, कधी चक्क कचऱ्यात, आणि याला हट्टीपणा म्हणू नका, नवी वस्तू कशाला आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही आणि जुनी सवय मात्र हाताला अजून आठवते. म्हणून जुन्या सवयीतच यंत्र बसवा. आमचे बाबा बेस्टमधून रिटायर झाले, आजही दाराबाहेर पडण्याआधी शर्टाचा डावा खिसा दोनदा चाचपतात, त्यात जुन्या पासचं निळं प्लास्टिकचं कव्हर असतं, चष्म्याची पावती, विठोबाचा छोटा फोटो आणि कितीतरी वर्षांपूर्वीचं एक ओळखपत्र. कव्हर नसेल तर बाहेर पडत नाहीत, शोधत बसतात. कार्डासारखा चपटा ट्रॅकर त्या कव्हरात ओळखपत्राच्या मागे गेला आणि तेव्हापासून तो घरी राहिलेला नाही. तुमच्याकडे ते वेगळं काही असेल, तपकिरीची डबी, चष्म्याचं घर, आईच्या बाबतीत पर्स किंवा कमरेचा चाव्यांचा जुडगा, देवळात जायची पिशवी. दोन-चार दिवस नुसतं बघा, बाहेर पडताना हात कशाकडे जातो. बंडीला आतून खिसा शिवून घेणारे पण आहेत, चालतं, फक्त धुवायला टाकताना काढायचं कोण ते ठरवा.

आणि त्यांना सांगून करा. सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला चांगलं कळत असतं आणि चोरून लावलेलं सापडलं तर विश्वास जातो तो परत येत नाही. "बाबा, हे खिशात असू दे, मला कळतं तुम्ही कुठपर्यंत पोचलात, जेवण गरम करायला बरं पडतं" एवढं पुरतं. "मी काय लहान आहे का" असं म्हणतील, म्हणू दे, त्या दिवशी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी परत सांगा. काही घड्याळांत समोरच्याला न कळता कॉल उचलून आजूबाजूचा आवाज ऐकायची सोय असते, ती मी सरळ बंद करते. ते कुठे आहेत हे कळणं आपली गरज आहे, ते शेजारच्या काकांशी काय बोलतात हे ऐकायची काही गरज नाही.

स्वस्त ब्लूटूथ टॅगबद्दल सगळेच विचारतात. त्यात जीपीएस नसतं, सिम नसतं, आजूबाजूच्या अनोळखी लोकांच्या फोनवरून त्याची जागा कळते, म्हणून दादर स्टेशनच्या गर्दीत ते छान चालतं आणि रात्री अडीचला रिकाम्या गल्लीत थंड पडतं. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांवर नजर ठेवायला नाही, असं ॲपल स्वतःच सांगते. दुसरं म्हणजे टॅग मुलाच्या आयफोनला जोडलेला आणि बाबांना घेऊन सून बाहेर गेली की तिच्या फोनवर "अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय" अशी वॉर्निंग येते, मालकाच्या फोनपासून बराच वेळ लांब राहिला तर टॅग स्वतः वाजायला लागतो, आणि खिशातून आवाज येतोय म्हणून बाबा घाबरून काढून टाकतात. आयओएस १७ पासून एक टॅग अजून पाच जणांशी शेअर करता येतो, घरातले सगळे आयफोनवाले त्यात घेतले की ही वॉर्निंग थांबते. सीआर२०३२ सेल साधारण वर्षभर जातो, हा मोठा फायदा, रोजच्या चार्जिंगची कटकट नाही. मी म्हणेन दुसरा आधार म्हणून ठेवा, एकटा त्याच्यावर भरवसा नको.

दाराला लावायचा मॅग्नेटवाला सेन्सर मात्र मला मनापासून आवडतो, दार उघडलं की फोन वाजतो, ठिपक्याची भानगड नाही. जोडलाच जात नसेल तर कारण जवळपास नेहमी एकच, हे सेन्सर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात आणि तुमचा फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर असतो, राउटरवाल्याला सांगून दोन्हीची नावं वेगळी करून घ्या. वायफायचा पासवर्ड बदलला की सेन्सर परत जोडावा लागतो हे विसरायला होतं. चाळीत राहत असाल तर हे घेऊ नका, गॅलरीत दिवसभर दार उघडंच असतं, तिथे जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवणं जास्त कामाचं.

आणि सांगा खरंच. वॉचमन, खालचा इस्त्रीवाला, चहावाला, रिक्षावाले, सगळ्यांना बाबांचा फोटो दाखवून सांगा की हे एकटे दिसले तर फोन करा. लोक लपवतात, लाज वाटते, पण २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, तुमच्या सोसायटीत हे एकटं तुमचंच घर नसणार. सगळी यंत्रं एकाच वेळी बंद असू शकतात म्हणून अंगावर काहीतरी लिहिलेलं हवंच, खिशात कार्ड, कॉलरच्या आत फोन नंबर, नाहीतर क्यूआर कोडचं लॉकेट. लॉकेट असेल तर महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनने स्कॅन करून बघा, घासला गेलेला कोड उघडत नाही आणि आतला नंबर कधीचा जुना झालेला असतो. कोडखाली साध्या अक्षरात नंबर पण लिहा.

खरंच सापडत नसतील तर ॲप रिफ्रेश करत बसू नका. ११२ लावा, जवळच्या पोलीस स्टेशनला जा, २४ तास थांबायचा कुठलाही नियम नाहीये. ट्रेनमध्ये चढले असतील असं वाटलं तर रेल्वेचा १३९ लावा आणि त्या लाइनची शेवटची स्टेशनं आधी सांगा, चर्चगेट, विरार, सीएसएमटी, कल्याण, कसारा, कर्जत, पनवेल, कारण उतरायचं कुठे ते आठवत नाही म्हणून माणूस बसूनच राहतो आणि गाडी रिकामी होते तिथे उतरवला जातो. त्या दिवशी सकाळी घातलेल्या कपड्यांचा फोटो असेल तर शोधायला फार सोपं जातं, आम्ही रोज नाश्त्याच्या वेळी एक काढतो.

ॲपमधली जुनी हिस्टरी अजून एका गोष्टीसाठी बघा. बाहेर पडायची वेळ. बऱ्याच जणांचं संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास सुरू होतं, घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणतात, अस्वस्थ होतात, त्याला इंग्रजीत सनडाउनिंग म्हणतात. हिस्टरीत तीच वेळ परत परत दिसत असेल तर त्याच्या अर्धा तास आधी आपणच चप्पल घालून त्यांना खाली फिरवून आणायचं, घरातले दिवे उजेड कमी व्हायच्या आधीच लावायचे, अलर्ट कमी होतात. पण जर इतके महिने शांत असलेला माणूस दोन-तीन दिवसांत अचानक रात्रभर फिरायला लागला, ओळखेनासा झाला, नाहीतर उलट एकदम सुस्त पडला, तर तो डिमेन्शिया वाढला असं धरून बसू नका आणि ट्रॅकरच्या सेटिंगशी पण खेळत बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, पोट साफ नसणं, नव्याने सुरू केलेली एखादी गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं लागतं. जाताना मागच्या १५ दिवसांच्या हिस्टरीचे स्क्रीनशॉट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि फ्रिजवरचा तो कागद सोबत न्या, कधीपासून बदललं असं डॉक्टरांनी विचारलं की तारीख आणि वेळ दाखवता येते.